पान एकसष्टवरचा राजा

बाई डावीकडे वळल्या आणि समोर भिंत आली. साधी, चुना फासलेली भिंत. तिच्यावर लाल रंगाच्या तीन बादल्या टांगलेल्या आणि बादल्यांत वाळू, आगीबिगीसाठी. भिंत इतकी अचानक आली की बाईंच्या चष्म्याच्या काचेला तिचा गारवा लागला. मागे सातवीची बेचाळीस मुलं दोन-दोनच्या रांगेत होती. पहिली जोडी बाईंच्या पाठीवर आली, दुसरी पहिलीवर, आणि असं करत धक्का पार शेवटपर्यंत पोचला. शेवटून कुणीतरी, काहीच दिसत नसताना, "अगं आई गं" म्हणून मोकळं झालं.

"बाई, दरबार कुठाय?"

"आहे."

"इथं तर बादल्या आहेत."

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. भिंत खोटी असेल, नंतर कुणीतरी घातली असेल, असं त्यांना वाटून गेलं. पण चुन्याखाली दगड होता, दगडात दगड बसला होता, आणि त्या भिंतीच्या एकूण बसण्यात असा काही निवांतपणा होता की ती सगळ्यांच्या आधीपासून इथंच होती याबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती. जिना उतरताना आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली जमीनच निघावी, तसं बाईंना झालं. फक्त इथं पायरी सव्वीस वर्षांची होती.

सव्वीस वर्षं बाई हा राजवाडा शिकवत होत्या. महाद्वारातून आत आलं की चौक, चौकातून डावीकडे वळलं की दरबार, दरबाराला लागून शस्त्रागार, समोर कारंजं, उजव्या हाताला राणीमहाल. फळ्यावर हा नकाशा त्या चार मिनिटांत काढत, तोही खडू न उचलता. एकदा पैजेवर डोळ्यांना रुमाल बांधून काढला होता आणि कारंज्याचा गोल बरोबर मधोमध आला होता. घरी त्यांचे यजमान म्हणत, "स्वतःच्या स्वयंपाकघरात चहाचा डबा कुठं आहे ते हिला सापडत नाही, पण राणीच्या न्हाणीघरात हिला अंधारात सोडा." यात खोटं काहीच नव्हतं. एवढंच, की बाईंनी राजवाडा पाहिलेला नव्हता. सहल दर वर्षी निघे आणि दर वर्षी धरणावर जाई. राजवाडा लांब पडतो, यायला उशीर होतो, पालक मुलींना पाठवत नाहीत, असं हेडसर म्हणत, आणि धरण सात वेळा पाहिलेल्या मुलांना आठव्यांदा धरण दाखवून आणत. एका वर्षी दूध डेअरी झाली. एका वर्षी खरंच राजवाड्याचं ठरलं, तेव्हा बाईंच्या सासूबाई पाय मोडून घेऊन बसल्या. यंदा नवा रस्ता झाला, तीन तासांत बस पोचली, आणि फाटकात टोपी सारखी करत पुढे आलेल्या गाइडाला बाईंनी जागच्या जागी वाटेला लावलं. "गाइड कशाला? मी काय करायला आले आहे?" गाइड बिचारा मानी असावा. "बघा बरं," एवढंच म्हणाला आणि सावलीत जाऊन बसला.

"बाई, दरबार इकडे. उजव्या हाताला." हे राजवाड्याचा पहारेकरी म्हणाला. किल्ल्यांचा जुडगा कमरेला, आवाज झोपेतून उठल्यासारखा, आणि चेहऱ्यावर असा भाव की या भिंतीपाशी येऊन थांबणारी माणसं त्यानं आजवर पुष्कळ पाहिली आहेत.

बाई वळल्या. शिक्षकाला पडता येतं, पण पडल्याचं दाखवता येत नाही. हा धंद्याचा पहिला नियम. "बघितलंत?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. "पुस्तकात नसलेली गोष्ट. नोंद करून घ्या." बेचाळीस वह्या उघडल्या. बेचाळीस वह्यांत 'भिंत, बादल्या तीन' अशी नोंद झाली. एकानं वाळूसुद्धा लिहिली.

दरबाराच्या दाराशी पहारेकऱ्यानं एक पेटी उघडली. बुटांवर चढवायच्या कापडी पिशव्या होत्या, नाडीच्या. फरशीला ओरखडे पडू नयेत म्हणून. मुलांनी त्या घातल्या, बाईंनी घातल्या, सोबत आलेल्या चित्रकलेच्या सरांनी घातल्या. हे सर नवे होते, दीड वर्षाचे, आणि ज्या गोष्टीवर आपलं मत नाही तिच्याकडेही मत असल्यासारखं मान तिरपी करून बघत. मग पहारेकऱ्यानं दाराची एक फळी ढकलली. आवाज झाला नाही. बाईंनी उंबरठ्यावरून पाय आत टाकला आणि पायाखालून जग काढून घेतल्यासारखा तो पुढे सरकला, कारण फरशी पाण्यासारखी गुळगुळीत होती. त्यांनी वर पाहिलं, तर वर पाहण्याला शेवट नव्हता.

मुलं गप्प झाली. मुलांना गप्प करायला बाईंना रोज डस्टर आपटावा लागे. वर्गात 'भव्य' हा शब्द त्यांनी किती वेळा फळ्यावर लिहिला असेल! भव्य दरबार, भव्य खांब, भव्य घुमट. त्याच्यापुढे कंसात 'मोठा, विशाल'. आता त्या शब्दाच्या पोटात उभं राहिल्यावर कळलं की तो फळ्यावर मावणाराच नव्हता. खांब एका रांगेत दूर जात होते आणि शेवटाला जाऊन एकमेकांना चिकटत होते. खिडक्या इतक्या उंचावर होत्या की त्या बाहेर बघण्यासाठी नसून बाहेरच्याला आत बघू देण्यासाठी असाव्यात. उन्हाच्या तिरप्या पट्ट्या वरून येत आणि जमिनीला लागण्याआधीच संपत. थंड दगडाचा, जुन्या मेणाचा आणि आणखी कशाचा तरी एक वास होता. तो 'आणखी कशाचा तरी' बाईंना ओळखता येईना. खूप माणसं खूप वर्षं श्वास रोखून उभी राहिली तर जागेला असा वास येत असेल. कुणीतरी खोकलं. खोकला निघाला, खांबांमधून चालत पार टोकाला गेला, तिथं थोडा थांबला, आणि परत येऊन ज्याचा होता त्याच्याच खांद्यावर बसला. खोकणाऱ्यानं दचकून मागे पाहिलं.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते चष्म्यावर ढकललं. काच पुसली. मग काच पुसून झाली तरी त्या पुसत राहिल्या, कारण त्यांना एक चमत्कारिक गोष्ट कळत होती आणि ती कळून घ्यायची त्यांची तयारी नव्हती. सिंहासनाच्या चौथऱ्यावर चढायच्या पायऱ्या डाव्या अंगाला होत्या. त्या उजव्या अंगाला असायला हव्यात. शस्त्रागाराचं दार पलीकडच्या भिंतीत हवं, ते अलीकडच्या भिंतीत होतं. राणीचा झरोका, ज्यातून पडद्याआडून राणी दरबार पाही, तो बाई नेहमी फळ्याच्या उजव्या कडेला, खिडकीच्या बाजूनं काढत. आता तो त्यांच्या डाव्या खांद्यावर होता आणि तिथून कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं त्यांना वाटत होतं. सगळं होतं. एकही गोष्ट कमी नव्हती. आणि सगळं दुसऱ्या बाजूला होतं. आपल्या घरात शिरावं, तर घर तेच, माणसं तीच, पण जेवायला सगळे दुसऱ्याच खुर्च्यांवर बसलेले, आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नाही, तसं.

बाईंनी पिशवीतून पुस्तक काढलं. पान एकसष्ट. ते काढावं लागत नसे, पुस्तक आपसूक तिथंच उघडे. वर काडेपेटीएवढं राजाचं चित्र, खाली राजवाड्याचा नकाशा. त्या खिडकीच्या उजेडाखाली गेल्या आणि पान वर धरलं. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, त्यांनी ते उलटं करून मागच्या अंगानं उजेडाला धरलं. मागे धड्याचा स्वाध्याय होता. रिकाम्या जागा भरा. त्या रिकाम्या जागांमधून, अक्षरांच्या जाळीतून, पलीकडचा नकाशा उमटला: चौक, उजवीकडे दरबार, डावीकडे राणीमहाल. जसाच्या तसा. समोर होता तसा.

चित्रकलेचे सर मागून डोकावत होते. "अच्छा," ते म्हणाले. "काच उलटी लागली असणार. छापताना चित्राची काच असते ना, ती पालथी पडली की डावं ते उजवं होतं. अक्षरं मागाहून वेगळी जुळवतात, म्हणून ती सरळ. कुणाच्या लक्षात यायचं नाही." मग मान तिरपी करून म्हणाले, "गंमत आहे."

"गंमत," बाई म्हणाल्या.

सव्वीस वर्षं, दोन तुकड्या, तुकडीला चाळीस धरली तरी दोन हजार ऐंशी. दोन हजार ऐंशी मुलं जगात फिरत होती आणि प्रत्येकाच्या डोक्यात एक पालथा राजवाडा होता. बाईंना हिशेबाची सवय होती, हजेरीची, गुणांची, सहलीला डोकी मोजायची, पण हा आकडा त्यांना धरवेना. मध्येच एका मुलाची वही आठवली. तो मामाकडे जाऊन राजवाडा बघून आला होता आणि त्यानं नकाशा बरोबर काढला होता, म्हणजे खराच बरोबर. बाईंनी लाल पेन्सिलीनं फुली मारून लिहिलं होतं, 'दिशा पाहाव्यात.' मुलगा भांडला नव्हता. मुलं भांडत नाहीत. त्यानं घरी जाऊन खोडरबरानं राजवाडा पुसला असेल आणि पुस्तकातला काढला असेल. तरीही, खरं सांगायचं तर, हे सगळं बाईंना सोसण्यासारखं होतं. नकाशाचं काय, नकाशा वर्गात गेल्यावर फिरवता येईल, वरच्या कचेरीला पत्र टाकता येईल, पुढच्या आवृत्तीत सरळ होईल. मनुष्य दिशा चुकतोच. बाईंना जी भीती वाटत होती ती नकाशाची नव्हती. त्या सिंहासनाकडे बघायचं टाळत होत्या. कारण सिंहासनाच्या मागे, भिंतभर, राजाचं मूळ चित्र होतं, आणि पान एकसष्टवर नकाशा जर पालथा असेल तर त्याच पानावरचा राजाही पालथाच असणार, हे गणित दुसरीतल्या पोरालाही यावं.

त्यांनी पाहिलं.

राजा दोन पुरुष उंच होता. काडेपेटीएवढ्या चित्रात त्याचं तोंड म्हणजे नुसता दाढीचा ठिपका होता. इथं त्याला माणसाचं तोंड होतं. त्याच्या गालावर देवीचे वण होते. डोळ्यांखाली काळं होतं, पुष्कळ रात्री न झोपलेल्या माणसासारखं, आणि चितारणाऱ्यानं ते लपवलं नव्हतं. अंगठ्याचं नख तुटलेलं होतं. एवढं राज्य, एवढा दरबार, आणि तुटलेलं नख! बाईंना वाटलं, हा माणूस होता. म्हणजे खरंच होता. सव्वीस वर्षं त्याच्या सनावळ्या पाठ करून घेतल्या, जन्म, राज्यारोहण, तह, मृत्यू, आणि तो होता हे आज पहिल्यांदा कळतंय. कुणीतरी जन्मभर पत्रं पाठवावीत आणि एके दिवशी स्वतःच दारात उभं राहावं, तसा तो उभा होता. आणि त्याची तलवार त्याच्या डाव्या कमरेला होती. डाव्या कमरेची तलवार उजव्या हातानं काढतात. राजा उजवा होता, तुमच्याआमच्यासारखा, चारचौघांसारखा उजवा.

पुस्तकात राजा डावखुरा होता असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. ते बाईंनी लिहिलं होतं, म्हणजे तोंडानं. पुस्तकातल्या चित्रात तलवार उजव्या कमरेला दिसे, त्यावरून त्यांनी ते काढलं होतं, आणि काढलं होतं ते वर्गासाठी नव्हेच. बाईंचा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. डाव्या हातानं जेवायचा, डाव्या हातानं भिंतीवर रेघोट्या ओढायचा, डाव्या हातानं दार उघडून रस्त्यावर पळायचा. सासूबाईंनी एक दिवस त्याचा डावा हात रुमालानं खुर्चीच्या दांडीला बांधला आणि उजव्या हातात चमचा दिला. बाई शाळेतून आल्या तेव्हा पोरगं वरण सांडलेल्या अंगानं बसलं होतं. रडत नव्हतं. रडून झालं होतं. बांधलेल्या हाताची बोटं ते एक एक करून हलवून बघत होतं, आहेत का अजून म्हणून. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या सात पिढ्यांत डावरा नाही. लोक म्हणतील, सुनेकडून आलं." बाई सासूबाईंना उलट बोलत नसत, बोलायचं झालं तर त्या भिंतीला किंवा भांड्यांना बोलत. त्या दिवशी त्या काहीच बोलल्या नाहीत. पिशवीतून पुस्तक काढलं, पान एकसष्ट उघडलं, आणि सासूबाईंच्या नाकासमोर धरलं. "तलवार कुठल्या कमरेला आहे बघा. राजा डावखुरा होता. सरकारनं छापलंय."

सासूबाईंनी चष्मा लावून पुष्कळ वेळ पाहिलं. सरकारला त्या भीत असत, राजाला त्याहून. रुमाल सुटला. पुढे तर त्याच शेजारणीला सांगू लागल्या, "आमच्याकडं राजाचा हात आलाय." मुलगा त्या हातानं शिकला, त्या हातानं मोठा झाला, आज दूरच्या शहरात घड्याळं दुरुस्त करतो, बारीक चिमटा डाव्या हातात धरून, आणि त्याच्या कामाच्या टेबलावर काचेखाली पान एकसष्टचं कात्रण आहे. आणि वर्गात? एकदा तोंडाला लागलेलं वाक्य वर्गात जायला वेळ लागतो का? दर वर्षी दोन-तीन डावरी मुलं निघतच. बाकावर शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागून भांडणं होत, घरून मार खाऊन येत. बाई नकाशा काढून झाल्यावर खडू पुसत सहज म्हणत, "आणि बरं का, हा आपला राजा डावखुरा होता." त्या वेळी त्या मुलांकडे बघायचं नाही, हे त्यांनी ठरवून ठेवलं होतं. न बघताही दिसे. कुठंतरी एखादं मूल बाकाखाली लपवलेला हात हळूच वर घेई.

यंदा ते मूल पेन्सिल होती. हजेरीपटात तिचं नाव वेगळंच होतं, पण ती इतकी उंच आणि सडपातळ होती, आणि कानामागे कायम पेन्सिल खोचलेली असे, की सगळी शाळा तिला पेन्सिलच म्हणे. आता ती चौथऱ्याच्या अगदी पुढे उभी होती. मान वर, तोंड थोडं उघडं. मग तिनं आपला डावा हात उजव्या कमरेपाशी नेला आणि तलवार उपसल्यासारखा ओढला. चित्राकडे पाहिलं. तोच हात डाव्या कमरेपाशी नेला. तिथून ओढून बघितला. मनगट अडलं. तिनं पुन्हा केलं. बाई बघत होत्या आणि त्यांना वाटत होतं, कुणीतरी आता हाक मारावी, डबे खायची वेळ व्हावी, पाऊस यावा, काहीही व्हावं.

"बाई," पेन्सिल म्हणाली. हळूच म्हणाली, पण तो दरबार होता; हळू म्हटलेलं सगळ्या खांबांना ऐकू गेलं. "तलवार या बाजूला आहे. ही डाव्या हातानं निघत नाही."

बेचाळीस डोकी वळली. चित्रकलेचे सर बाईंच्या कानाशी आले. "सांगा ना, की चित्रकारानं चुकवलंय," ते पुटपुटले. "चित्रकार चुकतात. मेलेला आहे, भांडायला येणार नाही."

वाटलं असतं तर जमलं असतं. बाईंना एकदम दहा उत्तरं सुचली, आणि दहाही चांगली होती. राजाला दोन्ही हात चालत. समारंभाची तलवार डावीकडे, लढाईची उजवीकडे. सव्वीस वर्षांच्या बाईला काय सुचत नाही! आणि पेन्सिलनं ते लिहूनही घेतलं असतं, आनंदानं. पण वर तो देवीच्या वणांचा माणूस जागरणाच्या डोळ्यांनी बघत होता. त्याच्याबद्दल खोटं बोलणं पुस्तकातल्या काडेपेटीसमोर सोपं होतं. त्याच्या तोंडावर जमेना. आपण एखाद्याविषयी चार घरी काहीबाही सांगत सुटावं आणि पाचव्या घरी दार त्यानंच उघडावं, तशी बाईंची गत झाली. आपण किती लहान आहोत, असं त्यांना वाटलं. पण त्यात अपमान नव्हता. समुद्राकाठी उभं राहून वाटतं तसलं ते लहानपण होतं.

"निघत नाही," बाई म्हणाल्या, "कारण राजा डावखुरा नव्हता. उजवा होता. पुस्तकातलं चित्र उलटं छापलंय, नकाशासकट. म्हणून मघाशी आपण भिंतीवर गेलो. ती पुस्तकाची चूक. पण डावखुरा हे पुस्तकात नाही. ते मी सांगितलं. ते माझं."

दरबारानं 'माझं' एवढंच परत आणून दिलं.

"मग तुम्ही का सांगितलंत?" पेन्सिलनं विचारलं. रागानं नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"माझा मुलगा डावरा आहे. त्याचा हात बांधत होते घरात. मला कुणीतरी मोठा माणूस पाहिजे होता त्याच्या बाजूनं. मला दुसरा सापडला नाही, म्हणून राजाला घेतलं."

मागून एक मुलगा म्हणाला, "मग परीक्षेत काय लिहायचं, डावीकडं का उजवीकडं?" "गप रे," दुसरा म्हणाला, "इथं काय चाललंय!" एरवी बाई हसल्या असत्या. पेन्सिल हसली नाही. ती आपल्या हाताकडे बघत होती, तो नवा काढून दिल्यासारखा.

"मी आजीला सांगितलंय," ती म्हणाली. "राजाचं. तेव्हापासून ती काही म्हणत नाही. आता मी घरी गेल्यावर ती विचारणार, राजा पाहिलास का म्हणून. मग परत सगळं सुरू."

"नको सांगूस मग," चित्रकलेचे सर म्हणाले. सर मनानं चांगले होते.

"मला खोटं बोलता येत नाही. माझे कान लाल होतात."

बाईंनी पुस्तक मिटलं. आज त्यांच्या हातात पुस्तक होतं, पण पुढे धरायला पान नव्हतं. सासूबाईंच्या पुढे त्या दिवशी जे बोलायचं होतं ते त्यांनी राजाकडून बोलून घेतलं होतं. स्वतः त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. आणि आता सासूबाईही नव्हत्या, बोलायचं ते राहूनच गेलं होतं.

"आजीला म्हणावं, बाईंनी शाळेत बोलावलंय," त्या म्हणाल्या. "सोमवारी. मधल्या सुट्टीत."

"आणि?"

"मी बोलेन. राजाचं नाव न घेता."

पेन्सिलनं त्यांना वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं, बाजारात भांडं ठोकून बघतात तसं. "आजी फार भांडते, बाई."

"भांडू दे. मीसुद्धा भांडेन."

"तुम्ही?" पेन्सिल म्हणाली. मग कानामागची पेन्सिल काढून तिनं वहीत काहीतरी लिहिलं. डाव्या हातानं, वही तिरकी धरून. काय लिहिलं ते बाईंनी विचारलं नाही.

पहारेकरी इतका वेळ खांबाला टेकून ऐकत होता. तो पुढे आला आणि किल्ल्या खुळखुळवून म्हणाला, "पुस्तकाचं झालं असेल तर एक गोष्ट दाखवतो. ही कुठल्याच पुस्तकात नाही. बाई, इथं पाय ठेवा. पिशवीतूनच. टाच ठेवा."

चौथऱ्यासमोर, जिथं फरशी आरशासारखी होती, तिथं बाईंनी टाच ठेवली. टाच घसरली नाही. खाली खरखरीत दगडाची चार बोटं रुंद पट्टी होती. रंग फरशीचाच, डोळ्यांना दिसत नव्हती, वाकून पाहिलं तरी दिसत नव्हती. टाचेलाच कळत होती. "राजाला पाठ दाखवायची नाही, अशी रीत होती," पहारेकरी म्हणाला. "आलेला माणूस परत जाताना उलटा चालत जायचा. मागे वळून बघायचं नाही, पडायचंही नाही. म्हातारी माणसं असायची, आजारी असायची, घाबरलेली असायची. म्हणून त्यांच्यासाठी ही पट्टी. इथून दारापर्यंत आहे. टाच पट्टीवर ठेवली की दार सापडतं." मग म्हणाला, "मधोमध झिजलीय बघा. एवढी माणसं गेली."

मुलं ओळीनं त्या पट्टीवर चढली, एकामागं एक, सगळ्यांची तोंडं सिंहासनाकडे. सगळ्यात पुढे, राजाच्या जवळ, बाई उभ्या राहिल्या. सहलीत शेवटी राहायचं असतं म्हणून. पहारेकरी दाराशी गेला. "चला," त्यानं हाक दिली, आणि बेचाळीस मुलं, एक सर आणि एक बाई मागे मागे निघाली.

आधी हसू आलं सगळ्यांना. कुणी कुणाच्या पायावर पाय दिला. मग हसू विरलं. टाच मागे जाई, चाचपे, खरखर लागे, मग अंगाचा भार तिच्यावर येई. बाईंना वाटलं, कुणाच्या तरी टाचेनं केलेल्या खळग्यात आपली टाच बसतेय. कुणी तह हरून गेला असेल याच्यावरून, कुणाला जमीन मिळाली असेल, कुणी मुलासाठी काही मागायला आलं असेल आणि बोलताच आलं नसेल. त्यांची नावं बाईंना ठाऊक नव्हती, पाठ करून घेण्यासारखं त्यांनी काही केलं नव्हतं, पण त्यांचं वजन खाली होतं. मागे जावं तसा दरबार मोठा होत चालला. दोन्हीकडून खांब एकेक करून पुढे येत आणि जागेवर उभे राहत. झरोका आला, शस्त्रागाराचं दार आलं, उन्हाच्या पट्ट्या आल्या, कुठलं डावीकडं आणि कुठलं उजवीकडं हे बाईंनी मोजलं नाही. राजा लहान होत होता, त्याचं नख गेलं, वण गेले, डोळे तेवढे पुष्कळ वेळ राहिले. समोर बघायला एवढं होतं आणि सांगायला बाईंकडे काही नव्हतं. मागे दार कुठं आहे ते त्यांना दिसत नव्हतं. पाठीला बाहेरचं ऊन लागू लागलं.

"उंबरठा!" मागून पहारेकऱ्याचा आवाज आला.

बाईंनी न वळता पाऊल उचललं.